एकाच नाकाची बाळं

“सर, सगळ्यांच्या पोटात एकच बाळ कसं काय?”

विचारून झालं आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण उभ्या आहोत. माईक नसतानाही आवाज खणखणीत गेला होता, पार समोरच्या भिंतीवरच्या बंद पंख्यापर्यंत. मागे तिची मैत्रीण ढापणी दप्तरात तोंड खुपसून हसत होती आणि उंटीण आपली लांब मान छताकडे करून जणू या मुलीला मी ओळखतच नाही असा चेहरा करून बसली होती. पैज त्या दोघींनीच लावली होती. हिंमत असेल तर विचार, भर कार्यक्रमात, उभी राहून विचार. आणि हिंमत तर तिच्याकडे यंदा नुसती उतू चालली होती. मागच्या वर्षापर्यंत वर्गात हजेरीला ‘हजर’ म्हणतानाही जिचा आवाज फुटायचा नाही, ती वादविवादाची ढाल जिंकल्यापासून अशी सुटली होती की घरी बाबा तिला वकीलबाई म्हणायला लागले होते. आवाज सापडला तशी तिला आणखीही एक वस्तू सापडली होती, ती म्हणजे तुच्छता. काय मस्त वस्तू! कुठेही न्यावी, कुणावरही चालवावी. आज तर चालवायला आख्खा हॉल होता. आरोग्य केंद्रातल्या छोट्या सोनोग्राफी मशीनचा म्हणे दुसरा वाढदिवस. मशीनचा! खुर्च्या रिकाम्या दिसू नयेत म्हणून शाळेतून दोन वर्ग हाकलत आणलेले, पुढच्या दोन रांगांत पोटुशा बायका शोभेच्या कुंड्यांसारख्या मांडलेल्या, आणि टेबलामागे देणगी देणाऱ्या संस्थेचे साहेब. साहेबांच्या सुटाला घडीची रेघ अशी की हात लावला तर कापेल, आणि भाषण असं की ऐकलं तर झोप लागेल. दाढी करायच्या यंत्राएवढा हा प्रोब, म्हणाले, एका टॅबला जोडला की झालं, कुठेही नेता येतो, स्वस्त आहे, आणि यामुळे या वस्तीतली एकही आई आता अंधारात राहणार नाही. वस्तीतली वीज त्याच दिवशी सकाळपासून गेली होती, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

साहेबांनी प्रश्न ऐकला, मान कलती केली, आणि ते हसले. मोठी माणसं उत्तर नसलं की हसतात, तसे. “बेटा,” ते म्हणाले, “बाळं सगळी सारखीच दिसतात. तूही अशीच दिसत होतीस!” सगळा हॉल खदाखदा हसला. मुख्याध्यापकांनी टाळी वाजवली म्हणून शाळेनेही वाजवली. पोटुशा बायका पोटं धरून हसल्या. बेटा! तिला त्या शब्दाची अशी शिसारी आली की कान धुवावेसे वाटले. ती तोंड उघडणार होती, नाही सर, सारखीच नाही, तीच, एकच, असं म्हणणार होती, पण तेवढ्यात तिची नजर टेबलाच्या कडेला गेली. तिथे जेलीची बाटली ठेवलेला ट्रे घेऊन तिची आई उभी होती. आई म्हणजे या केंद्राची मुख्य सिस्टर, मशीन जिच्या सहीवर घेतलेलं आहे ती. सगळा हॉल हसत होता आणि आई हसत नव्हती. आईने ट्रे एका हातात घेतला आणि दुसरा हात गळ्याशी नेला. गळ्यातल्या काळ्या दोऱ्याला मशीन ठेवायच्या लोखंडी कपाटाची किल्ली होती. आईने ती मुठीत धरली. एवढंच. कुणाला दिसलंही नसेल. पण ती खाली बसली.

कारण तिने प्रश्न आईला विचारलाच नव्हता. तिने तो विचारला होता सुटाला, भाषणाला, त्या स्वस्त यंत्राला. गोष्ट मुळात अशी झाली होती की परवा ढापणीकडे गणितं सोडवायला (म्हणजे न सोडवायला) तिघी जमल्या असताना ढापणीच्या ताईच्या बाळाचा फोटो फ्रीजवर चिकटवलेला दिसला. ताई माहेरी आलेली, आठवा महिना सरत आलेला. काळ्यापांढऱ्या धुक्यात एक चेहरा, बाजूने दिसणारा, नाक असं वर उचललेलं, जणू कुणाचा तरी वास येतोय. फोटोभोवती गुलाबी फुलांची चौकट. उंटीण म्हणाली, अय्या, आमच्या वहिनीच्या बाळाचं नाकही असंच आहे! आणि पळत जाऊन फोटो घेऊन आली. दोन्ही शेजारी ठेवले. तेच नाक. तीच चौकट. आणि दोन्हींत, डाव्या कोपऱ्यात, स्वल्पविरामासारखा एक पांढरा डाग. तिघी जमिनीवर लोळून हसल्या होत्या. फुकटच्या मशीनला एकच फोटो येतो, ती म्हणाली होती, जत्रेतल्या फोटोवाल्याकडे कसा एकच पडदा असतो आणि आपण सगळे त्याच एका विमानात बसतो, तसं! हे तिला तेव्हा फार हुशारीचं वाटलं होतं. ताईसुद्धा हसली होती, खुर्चीत रेलून, हात पोटावर ठेवून. तेव्हा ती काहीतरी म्हणाली होती ताई. काय बरं म्हणाली होती?

कार्यक्रम संपला, मुलं सुटली. ढापणी आणि उंटीण तिच्या दोन्ही बाजूंनी लोंबकळत चालल्या होत्या आणि ती पैज जिंकलेल्या माणसासारखी चालत होती खरी, पण मन भलतीकडेच कुठे तरी होतं. दोन वर्षांपूर्वी हे मशीन घरी आलं होतं. तीन दिवसांचं प्रशिक्षण संपवून आई आली ती पेटी छातीशी धरून, नव्या सुनेसारखी लाजत. सराव करायला हवा म्हणाली. सरावाला पोट कुणाचं? घरात पोरगी होतीच. दोन तांबे पाणी पिऊन ती पलंगावर उताणी पडली, शर्ट वर, जेलीचा गोळा थंडगार, ती किंचाळली, आई हसली. मग आई हसायची थांबली. टॅबच्या पडद्यावर राखाडी काहीतरी हलत होतं आणि आई प्रोब फिरवत होती, पोळपाट पुसावा तसा, इकडून तिकडे, तिकडून इकडे, आणि कपाळावर आठ्या. आणि पलंगावरून मान उचलून बघणाऱ्या तिला मात्र सगळं दिसत होतं. का दिसत होतं कोण जाणे, ढगांत चेहरे दिसतात तसं आपोआप दिसत होतं. “अगं, तो काळा गोळा म्हणजे ते पाणी! थोडं तिरकं कर ना. हां, आता बघ, ते घेवड्याच्या दाण्यासारखं काय आलं? किडनी का?” आई बघत होती आणि आईला दिसत नव्हतं. कुठेय? कुठेय गं? आणि मग चौदा वर्षांची ती, पोटावर जेली थापलेली, म्हणाली होती, “आई, तुला एवढंही दिसत नाही?” आणि हसली होती. बाबांना हाक मारून पुन्हा हसली होती. आईने रुमालाने तिचं पोट पुसलं होतं, फार काळजीपूर्वक, एकेक बाजू. प्रोब धुऊन, पुसून, तिच्या लहानपणच्या झबल्यात गुंडाळून पेटीत ठेवला होता. त्यानंतर घरात सराव झाला नाही. हे तिला आज आठवत होतं, रस्त्यावर, ऐन दुपारी, ढापणीची कोपरखळी खाताना. रुमाल आठवत होता. तो पिवळा होता.

आणि तो गुडघा. घरात गुडघ्याची गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती, पण बोलत कुणी नसे. मशीनची पद्धत अशी की सिस्टरने प्रोब फिरवायचा आणि चित्रं शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टरला पाठवायची. तो बघून कळवणार, ठीक आहे का नाही, बाई इथेच बाळंत होईल का दोन बस बदलून तिकडे न्यावी लागेल. पहिल्या महिन्यात डॉक्टर पडद्यावर समोर बसून बघायचा. आई एकदा म्हणाली, सर, हे डोकं. डॉक्टर म्हणाला, “सिस्टर, हा गुडघा आहे.” त्याच्या मागे खोलीत आणखी कुणी होते, तेही हसले. इथे बाई टेबलावर झोपलेली, तिची सासू बाजूला, दारात पंधरा बायका. आईने त्या रात्री जेवताना हे स्वतःच हसून सांगितलं होतं, गुडघा म्हणे, गुडघा! आणि बाबाही हसले होते, आणि ती तर अशी हसली होती की ठसका लागला. पुढे डॉक्टरचं पडद्यावर येणं बंद झालं, आणि चित्रं त्याला जातात का हे कुणीच विचारलं नाही.

“ए वकीलबाई, कुठे हरवलीस?” ढापणी तिला हलवत म्हणाली. “ताईला सांगते आता साहेबांचं उत्तर. तिला बरंच वाटेल. परवापासून उगाच घाबरलीय.”

“का घाबरलीय?”

“तुला सांगितलं ना तिने परवा! कपड्याला थोडं रक्त डागलं होतं तिला. दोनदा. दुखत वगैरे काही नाही. म्हणाली, सिस्टरनी फोटो दिलाय ना, फोटोत सगळं छान आहे, मग कशाला दवाखाना गाठायचा.” आणि ढापणी जराशी थांबली, चष्मा वर सरकवला. “छानच आहे ना?”

तिने काहीतरी उत्तर दिलं. आपण उत्तर दिलं हे तिला कळलं, काय दिलं ते नाही. ती वळली आणि चालायला लागली, मागून उंटीण ओरडली, पैजेचं आइस्क्रीम, अगं! तिने हात हलवला. आइस्क्रीम! काय दिव्य मैत्रिणी! आणि काय दिव्य आपण! तुच्छतेचं एक असतं, ती धावत्या माणसाच्या हातातल्या पाण्यासारखी असते, सगळ्यात जास्त आपल्याच अंगावर सांडते. पण हे तेव्हा तिला सुचलं नाही. तेव्हा तिला एवढंच सुचत होतं की बाबांच्या दुकानाचं शटर वर असेल का.

होतं. बाबांचा फोटो स्टुडिओ म्हणजे पाच पावलांची खोली, एक निळा पडदा, एक स्टूल, आणि एक आरसा ज्यात बघून आजवर कुणाचं समाधान झालेलं नाही. बाबा कुणा म्हाताऱ्या बाईला पासपोर्टसाठी बसवत होते. “हनुवटी खाली, काकू. एवढी नाही. थोडी वर. आता हसू नका. आता हसला नाहीत तरी चालेल, पण रडू नका.” बाबांचे हे विनोद पंधरा वर्षं तेच होते आणि प्रत्येक गिऱ्हाईक नवीन असल्यामुळे प्रत्येक वेळी हसत होतं. किती स्वस्तात जगतात बाबा! ती सरळ प्रिंटरजवळच्या खणाशी गेली; वस्तीत फोटोंना चौकटी लावून देणारं दुकान हे एकच. वाढदिवसाच्या चौकटी, लग्नाच्या चौकटी, आणि त्यांच्याखाली, गुलाबी फुलांची चौकट. कापून ठेवलेले, चकचकीत कागदावरचे, पत्त्यांच्या कॅटसारखे एकावर एक. नाक. नाक. नाक. स्वल्पविराम. तिने तो गठ्ठा अंगठ्याने फर्रकन सोडला, म्हटलं निदान बाळ हलेल तरी. हललं नाही.

म्हातारी गेल्यावर बाबा म्हणाले, “ते आईचं काम आहे गं. ठेव तिथे.”

“कुणाचं बाळ आहे हे?”

बाबांनी लेन्स पुसायला घेतली. बाबा अडचणीत आले की लेन्स पुसतात. “पाणीवाल्याचं,” ते शेवटी म्हणाले. “पहिल्या आठवड्यात तुझ्या आईला एकच असा स्वच्छ आला. त्याच्यानंतर काही जमेना बघ. बायका फोटो मागायच्या. फोटो नाही दिला तर वाटायचं सिस्टरला येत नाही, नाहीतर पोटात काही वाईट आहे. मी म्हटलं, अगं, दे एक. लोकांना फोटो हवा असतो. बाळ काय, येणारच आहे.”

पाणीवाल्याचं! तो दीड वर्षांचा टकलू, सकाळी कार्यक्रमात पहिल्या रांगेखाली बसून खुर्चीचा पाय चावत होता तो! आख्ख्या वस्तीतल्या बायका रात्री झोपताना ज्याच्या नाकाची पापी घेत होत्या, नावं ठरवत होत्या, नाक आजोबांवर गेलंय का आत्यावर यावरून भांडत होत्या, तो तिकडे खाली शेंबूड पुसत फिरत होता. तिला हसू आलं. खरंच आलं. तिने चौकटीवरून बोट फिरवलं. “आणि ही फुलं?” तिने विचारलं.

“ती मी टाकली,” बाबा म्हणाले. थोडे लाजून. “नुसतं काळंपांढरं उदास वाटतं ना.”

घरी आली तेव्हा चार वाजले होते आणि आईने चहा टाकला होता. बाबाही तिच्या मागोमाग, दुकान अर्धं ओढून, आले होते, भिंतीकडेने चालत, मार चुकवणाऱ्या पोरासारखे. आई अजून केंद्राच्या पांढऱ्या साडीतच होती. तिघं स्वयंपाकघरातल्या छोट्या टेबलाभोवती बसले. तिने गठ्ठा खिशातून काढून मध्ये ठेवला. आईने त्याच्याकडे पाहिलं नाही. कपात साखर घातली, ढवळली, पुन्हा साखर घातली.

“प्रश्न छान विचारलास,” आई म्हणाली. “मोठ्याने विचारलास. मागच्या वर्षी तुझा आवाज निघत नव्हता.”

हे असं बोलायचं नसतं! चिडायचं असतं, ओरडायचं असतं, कार्टे, माझी अब्रू काढलीस म्हणायचं असतं. मग तिला काय काय म्हणता आलं असतं! तिच्याकडे वाक्यं तयार होती, सगळ्या रस्त्याभर तिने ती घासून धार लावून आणली होती. खोटारडे. कपाटातलं मशीन. बाहेर ट्रेमध्ये जेलीची बाटली दाखवायची आणि आत झबल्यात प्रोब. दोन वर्षं. सगळी वाक्यं तोंडाशी आली आणि त्यांच्या आवाजात तिला अचानक दुसराच एक आवाज ऐकू आला. एक चौदा वर्षांची मुलगी पलंगावर उताणी पडून हसत होती. तिच्यामागे कुठेतरी एका लांबच्या खोलीत डॉक्टर हसत होता. आणि गंमत म्हणजे दोघांचा सूर एकच होता, एकच, जसं नाक एकच होतं.

“ढापणीच्या ताईला डागलंय,” ती म्हणाली. “दोनदा. दुखत नाहीये.”

आईचा चमचा थांबला. आता समोर बसली होती ती सिस्टर होती, दोन हजार बाळंतपणं केलेली, नुसत्या हातांनी पोटातलं बाळ कुठल्या कुशीवर झोपलंय ते सांगणारी. तिचा चेहरा एकदम टोकदार झाला. “मला का नाही सांगितलं तिने?”

“फोटोत सगळं छान आहे ना.”

बाबा खिशात लेन्स शोधत असावेत. शेजारच्या घरात कुणीतरी बादली ओतली. “गेल्या आठवड्यात मी बघितलंय तिला,” आई म्हणाली, स्वतःशीच बोलावं तशी. “बाळाचं डोकं वर तरंगतंय. खाली उतरायला हवं होतं, उतरत नाहीये. मी म्हटलं, उतरेल.” मग थांबून, “हाताला डोकं लागतं गं. पाठ लागते. वार नाही लागत. वार खाली, गर्भाशयाच्या तोंडावर आली असेल तर ते हाताला नाही कळत. आणि हात आत घालून बघायचंही नसतं, रक्त थांबत नाही मग. ते फक्त त्या मशीनला दिसतं.”

“मग मशीन लाव.”

“मला दिसत नाही,” आई म्हणाली. तिने मान वर केली आणि सरळ तिच्याकडे पाहिलं. “तुला दिसतं. त्या डॉक्टरला दिसतं. मी दोन वर्षं दार बंद करून, एकटी, कितीदा बघितलंय. माझ्याच पोटावर लावून बघितलंय. मला नुसती राख दिसते. आता काय सांगू लोकांना? म्हणे मुख्य सिस्टर. आणि खरं कळलं तर नोकरी राहील का माझी?” बोलता बोलता तिचा हात पुन्हा गळ्यातल्या किल्लीशी गेला होता. हा हात ताईच्या आईलाही ठाऊक होता. ढापणी या हातात जन्मली होती, उंटीण जन्मली होती, त्या पाणीवाल्याचा टकलू जन्मला होता. तो आता किल्ली सोडत नव्हता, एका चार इंची प्रोबला घाबरून. तिला आठवणीतला प्रत्येक हसणारा चेहरा पुसून टाकावासा वाटला, साहेबांचा, डॉक्टरचा, सगळ्या हॉलचा, आणि सगळ्यांच्या पुढे, पहिल्या रांगेत, तिचा स्वतःचा. त्याच्याकडे तिने असं बघितलं जसं आजवर कुणाकडे बघितलं नव्हतं. कशाचा एवढा माज होता हिला? एका ढालीचा?

बाबा घसा साफ करत म्हणाले, “मी काय म्हणतो, वकीलबाई, ताईला आपण गुपचूप सांगू की मोठ्या हॉस्पिटलात एकदा दाखवून ये. सहज म्हणून. फोटोचं काही बोलायची गरज...”

“सहज म्हणून सांगितलं तर ती जाणार नाही, बाबा. तिच्या फ्रीजवर तुमची फुलं आहेत.”

तिने चहाचा कप बाजूला सारला आणि उभी राहिली, सकाळी हॉलमध्ये राहिली होती तशीच. पण या वेळी आपण उभ्या आहोत हे तिला आधीपासून माहीत होतं.

“मी ठरवलंय,” ती म्हणाली. “आत्ता मी ताईकडे जाणार. फ्रीजवरचा फोटो माझ्या हाताने काढणार आणि तिला सांगणार की हा तुझा नाही, तुझ्या बाळाकडे अजून कुणी बघितलेलंच नाही. ती मला काय बोलायचं ते बोलू दे. तिला घेऊन मी पाच वाजता केंद्रावर येते. आई, तू किल्ली घेऊन ये. बाबा, तुम्ही गाडीची सोय करून दाराशी थांबा, डॉक्टर म्हणाला आणा, तर लगेच न्यायचं. बाकीचे फोटो उद्यापासून घरोघर जाऊन परत आणायचे, आपण तिघांनी. आज प्रोब तू धर. हात तुझे, बघते मी. जे दिसेल ते डॉक्टरला पाठवायचं. गुडघा दिसला तर गुडघा पाठवायचा, राख दिसली तर राख. तो हसला तर हसू दे.” तिने टेबलावरचा गठ्ठा उचलला. “मी नाही हसणार.”